म्हातारी गाडी हाकतेय

ओलेटा क्रॅबट्रीचा आवाज नॅशव्हिलमधल्या प्रत्येक नावाजलेल्या गायिकेने ऐकलेला होता, आणि नॅशव्हिलबाहेर तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. तिचं कामच तसं होतं. या गावात गाणी रचणारे पैशाला पासरी. ते खोलीत बसून गाणं रचतात, पण स्वतःच्या घोगऱ्या गळ्याने म्हणून दाखवलं तर कुठली बडी गायिका ते घेणार? मग ओलेटाला फोन जायचा. ती यायची, शब्द एकदा डोळ्यांखालून घालायची आणि असं म्हणायची की रचणाऱ्यालाच वाटावं, अरेच्चा, हे मी लिहिलं? तो डेमो, म्हणजे गाण्याचा नमुना, बड्या गायिकेकडे पोचायचा. ती तो गाडीत लावून फिरायची, पाठ करायची. ओलेटा श्वास कुठे घेते, ओळीच्या शेवटी आवाज किंचित कुठे मोडते, ते सगळं जसंच्या तसं उचलायची आणि आपल्या नावावर गायची. डेमो जायचा कचऱ्यात.

दुसरं काम त्याहून बिनचेहऱ्याचं. त्याला म्हणायचे कच्चा आवाज. रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणं कुठून कुठे चाललंय हे वादकांना कळायला हवं, म्हणून कुणीतरी गावं लागतं. ओलेटा काचेच्या खोलीत उभी राहून गायची, वादक तिच्या अंदाजाने वाजवायचे. मग मुख्य गायिका आपल्या सवडीने यायची, आपला आवाज भरायची, आणि ओलेटाचा पुसला जायचा.

तिला वाईट वाटायचं का? न वाटायला ती काय दगड होती? किराणा घेताना दुकानातल्या रेडिओवर आपलीच लकब परक्या गळ्यातून ऐकू आली की तिचा हात मक्याच्या पिठाच्या पिशवीवर तसाच थांबायचा. तिचा नवरा हॉइट खडीचा ट्रक चालवायचा. तो कान टवकारून म्हणायचा, "ही तूच आहेस. फक्त नाक कापलेली." मग ती हसायची. सगळं हसण्यावारी नेण्यात तिचा हातखंडा होता आणि तिथेच सगळं चुकत होतं. हसऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की बाई, तुला काय हवंय.

प्रेस्टन गेल हा रेकॉर्डिंग जमवून आणणारा निर्माता. वादक बोलावणं, गायिका ठरवणं, सिनेमावाल्यांची मर्जी राखणं, हे सगळं त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून येणाऱ्या फोनला फार घाबरायचा. त्या वर्षी त्याच्याकडे एका सिनेमाचं काम आलं. लेकराबाळांना घेऊन अख्ख्या कुटुंबाने बघावा असा धाडसाचा सिनेमा. एक आजी, दोन नातवंडं आणि एक खेचर. खेचर चोरीला जातं, आणि आजी शाळेची मोडीत काढलेली बस घेऊन डोंगरातून चोरांच्या मागे लागते. पुराची नदी येते, वणवा येतो, अस्वल तर बसमध्येच चढून बसतं. शेवटच्या पाठलागाला आणि त्यानंतर पडद्यावर नावं सरकतात तेव्हा वाजायला एक उडत्या चालीचं गाणं हवं होतं.

प्रेस्टनने गाणी रचणाऱ्यांच्या टोळ्या कामाला लावल्या. इथे गाणं एकट्याने करायची रीत नाही. खोलीत जो बसला त्याचं नाव गाण्याला लागतं, मग त्याने कॉफी पिण्यापलीकडे काही केलेलं असो वा नसो. टोळ्यांनी गाण्यांचा ढीग घातला. प्रत्येक गाण्यात घट्ट जीन्समधली पोरगी, नदीकाठ आणि थंडगार बियर. सिनेमाची दिग्दर्शक डेना व्हिटकोम्ब कॅलिफोर्नियाहून आली होती. एकेक डेमो ऐकून ती एकच प्रश्न विचारायची, "अहो, पण यात आजी कुठाय?"

ते सगळे डेमो गाऊन गाऊन ओलेटाचा घसा बसला होता. शेवटचा संपवून ती काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "प्रेस्टन, ही पोरं आजीच्या गाडीत कधी बसलीच नाहीत वाटतं."

"मग तू लिही," प्रेस्टन म्हणाला. तो थट्टा करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिस्किटांचं पीठ मळता मळता ओलेटाने गाणं लिहिलं. तिची मावशी खरोखरच शाळेची बस चालवायची. घाटात समोरून कुणी आलं की खिडकीतून डोकं काढून ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिला डोळ्यांसमोर ठेवलं आणि गाणं आपसूक आलं:

*बाजूला व्हा रे, बाजूला व्हा,*
*म्हातारी गाडी हाकतेय!*
*ब्रेक कधीचे गेले कामातून,*
*आणि थांबायचंय कुणाला!*

पिठाच्या हातांनीच तिने फोन टेबलावर उभा केला. हॉइटने बुटांनी फरशीवर ठेका धरला, तिने कढईवर चमचा वाजवला आणि गाणं फोनवर भरून प्रेस्टनला पाठवून दिलं. प्रेस्टनने ते डेनाला ऐकवलं. डेना इतकी हसली की चष्मा काढून तिला डोळे पुसावे लागले. "हीच!" ती म्हणाली. "हीच माझी आजी!"

दुपारी प्रेस्टनचा फोन आला तेव्हा ओलेटाने चुलीवर बीन्स ठेवले होते.

"घेतलं गं तुझं गाणं! पाठलागालाही तेच आणि शेवटीही तेच."

ओलेटाने ओरडून हॉइटला बोलावलं. हॉइटने तिला कमरेला धरून उचललं आणि स्वयंपाकघरात गरकन फिरवलं. फोन अजून कानालाच होता.

"ब्रिन्ली शेल गाणारे," प्रेस्टन पुढे म्हणाला. "सिनेमाच्या कंपनीने तिचं आधीच ठरवलंय. पोरीची सध्या चलती आहे ना! तू मंगळवारी दहाला ये, कच्चा आवाज द्यायला."

"बरं," ओलेटा म्हणाली.

आयुष्यभराची सवय. "बरं" तोंडातून निघून गेलं आणि मग डोक्याला कळलं. हॉइटने तिला खाली ठेवलं. ती चुलीसमोर उभी राहिली आणि बीन्स तळाला लागून करपल्याचा वास आला तरी तिला हलायचं सुचेना. तिच्या अंगाची लाही लाही होत होती. दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांनी नेली, ठीक आहे, ती त्यांचीच होती. पण ही मावशी तिची. ही बस तिची. शिव्यासुद्धा तिच्या माहेरच्या. आणि ते सगळं आता एक विशीतली पोर म्हणणार आणि हिचा आवाज पुसला जाणार! असं गाणं पुन्हा सुचेल की नाही, आणि सुचलं तरी तोवर गळा साथ देईल की नाही, हे तिला कोण सांगणार होतं? आपला आवाज एकदा तरी आपल्या नावाने लोकांच्या कानावर पडावा, एवढंच तिला हवं होतं. हे तिने स्वतःशीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

"नाही म्हणून सांग," हॉइट कढई उतरवत म्हणाला.

"हो म्हणून बसलेय ना मी."

"मग काय करणार?"

"जाणार. दिलेली वेळ मी कधी मोडली नाही, मंगळवारीही मोडायची नाही. पण हॉइट, मी हसत नाही जाणार."

मंगळवारी ती खरंच न हसता गेली. दारातच व्हर्जिल टॅकेट भेटला. तो डोब्रो, म्हणजे तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवायची गिटार, वाजवायचा, आणि तो ओलेटाच्याच डोंगरातला, बेकर्स गॅपचा. दोघं लहानपणी गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर शनिवारी गात. त्याने तिचा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय गं पोरी, कुणाचं मयत आहे?"

"माझं," ओलेटा म्हणाली. "बारापर्यंत उरकतील."

स्टुडिओत प्रत्येकाला आपापलं खुराडं होतं. फिडल एका खोलीत, बँजो दुसऱ्या, माणसाएवढा उभा बास गालिच्यांच्या आड, गिटारवाला तरुण पोरगा कोपऱ्यात आणि ओलेटा नेहमीच्या काचेच्या कपाटात. कानांवर हेडफोन, हेडफोनमध्ये तालाची टिकटिक. ही व्यवस्था का असते, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून. ज्याचं आवडलं नाही त्याचं तेवढं काढून टाकता येतं.

त्यांनी गाणं वाजवलं. सुरात होतं, तालात होतं आणि मेलेलं होतं. पुन्हा वाजवलं, तरी मेलेलंच. बस जागची हलेना. प्रेस्टनने टिकटिक वाढवून बघितली तर म्हातारीच्या मागे कुत्रं लागल्यासारखं झालं. काचेपलीकडे डेना हातावर हनुवटी टेकून बसली होती. शेवटी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फोनवर ऐकलं त्या दिवशी मी पोट धरून हसले होते. आज सकाळपासून एकदाही हसले नाहीये."

ओलेटाने हेडफोन काढून खिळ्याला अडकवला.

"प्रेस्टन," ती काचेतून बोलली, "सगळ्यांना बाहेर काढ."

"जेवायला? आत्ताशी तर..."

"जेवायला नाही. खोलीच्या मधोमध. एक माइक लाव उंच दांडीवर, आणि सगळे त्याच्याभोवती. आम्ही लहानपणी गायचो तसं."

प्रेस्टन एवढ्या घाईने उठला की त्याची खुर्ची मागे भिंतीवर आपटली. तो खोलीत आला, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ओलेटा, तुला कळतंय ना तू काय म्हणतेयस? एका माइकवर सगळं एकत्र जाणार. मग तुझा आवाज..."

"निघायचा नाही. पीठ मळल्यावर त्यातलं मीठ वेचता येत नाही. माहितीय मला."

"मग ब्रिन्लीला कुठे घालू मी?"

"ते तू बघ."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"पोरखेळ असता तर गुपचूप केला असता. तुझ्या तोंडावर सांगतेय, आणि आधी सांगतेय. गाणं माझं आहे, प्रेस्टन. एकटीचं. त्या खोलीत दुसरं कुणी बसलं नव्हतं, हॉइटचे बूट सोडले तर. अजून मी कुठेही सही केलेली नाही. गायचं तर असं गाईन, नाहीतर गाणं उचलून घरी चालले. पडदे धुवायचे पडलेत माझे."

"तुला या गावात परत काम मिळायचं नाही," प्रेस्टन म्हणाला. धमकी देण्यापेक्षा तो विनवतच जास्त होता.

"कुठलं काम? पुसायचं?" ओलेटाचा आवाज चढला. "जन्मभर गातेय मी इथे! माझ्या आईने मरेपर्यंत विचारलं, तुझं गाणं रेडिओवर कधी लागणार. काय सांगू मी तिला? लागतं गं रोज, फक्त मी त्यात नसते? बास झालं. मला चांगलं म्हणू नकोस, प्रेमाने बोलू नकोस, आयत्या वेळी धावून येतेस म्हणून पाठ थोपटू नकोस. मला गाऊ दे."

ओलेटाचा माइक चालूच होता, हेडफोनमधून सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. बाकीचे वादक आपापल्या काचेआडून बघत होते. त्यांनाही घरदार होतं आणि प्रेस्टनच्या फोनवर त्यांचंही पोट चालत होतं. तेवढ्यात एका खोलीचं दार करकरलं. व्हर्जिल डोब्रो गळ्यात अडकवून बाहेर आला, मधोमध येऊन उभा राहिला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "कुठे उभा राहू, पोरी? आणि हे बघ, फार वाकायला सांगू नकोस. गुडघे गेलेत माझे."

मग फिडलवाला आला. मग बासवाला आपलं धूड रेटत आला. बँजोवाला म्हणाला, "मी आपला पाणी प्यायला निघालो होतो," आणि येऊन उभा राहिला. गिटारवाला पोरगा शेवटी आला, तेही सगळे गेल्यावर एकटं बसायची लाज वाटली म्हणून.

प्रेस्टनने डेनाकडे बघितलं. डेनाने खांदे उडवले. "लावा की माइक," ती म्हणाली. "मेलेलं गाणं घेऊन मी तरी परत कुठे जाऊ?"

एका माइकभोवती वाजवायचं म्हणजे बटणं फिरवून काही होत नाही. आवाज लहानमोठा करायचा तो पायांनी. ज्याची पाळी असेल त्याने पुढे घुसायचं, झाली की मागे सरायचं, आणि गाणारीने खांदा तिरका करून वाट द्यायची. डोंगरातल्या माणसांच्या हे अंगात भिनलेलं असतं. खुराड्यात वाढलेल्यांना ते ठाऊक नसतं. पहिल्या वेळी गिटारवाला पोरगा पुढे आला तो मागे सरायचंच विसरला आणि फिडलचा गज त्याच्या कानात गेला. दुसऱ्या वेळी तो भलत्याच उत्साहाने मागे सरला आणि सगळा बास खाली येता येता वाचला.

तिसऱ्या वेळी बस सुटली.

ओलेटाला पुढे नीट सांगताही आलं नाही की नेमकं काय झालं. टिकटिक नव्हती, त्यामुळे चढणीला गाणं जरा रेंगाळलं आणि उताराला सुसाट सुटलं. फिडल तिच्या डाव्या खांद्यावरून घुसलं, व्हर्जिलचा डोब्रो उजवीकडून विव्हळला, आणि ती दोघांच्या मधून माइकवर अशी धावून गेली की जणू घाटात समोरून कुणी आलंय. शेवटच्या कडव्याआधी त्या पोराने तिच्या पायावर पाय दिला. ती ओळीच्या मधेच फसकन हसली, थांबली मात्र नाही. हसू तसंच गाण्यात गेलं आणि त्यावरच तिने "थांबायचंय कुणाला!" असं ठोकून दिलं की बँजोवाल्याने वाजवता वाजवता आरोळी मारली.

सूर विरल्यावर काचेपलीकडे बघितलं तर डेना खुर्चीत नव्हती. ती उभी राहून नाचत होती.

"ते हसणं..." प्रेस्टन म्हणाला. "आणखी एकदा घेऊ या?"

"नाही," ओलेटा म्हणाली.

प्रेस्टन तिच्याजवळ आला. त्याचे डोळे ओले होते, ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. "इतकं चांगलं माझ्या हातून कधी रेकॉर्ड झालं नव्हतं," तो म्हणाला. "आणि आता कंपनी माझी सालं काढणार."

कंपनीने सालं काढलीच. त्यांचं म्हणणं, गाणं झकास आहे पण आवाज वयस्क वाटतो.

"म्हातारीच्या गाण्यात म्हातारीचा आवाज!" ओलेटा फोनवर प्रेस्टनला म्हणाली. "केवढा अनर्थ!"

"ते म्हणतात ब्रिन्लीला घेऊन पहिल्यापासून करा."

"कर की. दुसरं गाणं घेऊन."

दोन्हीकडून ताणाताणी झाली. ओलेटा रोज सकाळी उठून पडदे धुवायची आणि रोज "नाही" म्हणायची. पहिल्यांदा म्हणताना ती अडखळली होती, नंतर नंतर तिला चव लागली. हॉइट म्हणाला, "अगं, मला मीठ दे म्हटलं तरी नाही म्हणतेस." इकडे डेनाने बसचा पाठलाग त्या गाण्यावर बेतून कापून-जोडून तयारसुद्धा केला. पोस्टरं छापून झाली होती, त्यावर ब्रिन्लीचं नाव होतं आणि सिनेमाची तारीख तोंडावर आली होती. शेवटी कंपनीच्या कुठल्याशा हुशार माणसाच्या डोक्यात आलं की त्या गाण्यातून काढता काही येत नसलं तरी घालता येतं. ब्रिन्लीने वरचा सूर भरायचा. ओलेटाला विचारलं. तिने एकच अट घातली: माझं नाव आलं पाहिजे. येईल, ते म्हणाले. मग तिने सही केली.

ब्रिन्ली शेल आली ती एकटी, साध्या पँटमध्ये, केस वर बांधून. ओलेटा मुद्दाम हजर राहिली होती. या पोरीने नखरा केला तर काय बोलायचं ते तिने गाडीत येताना घोकून ठेवलं होतं. पोरीने नखराच केला नाही. तिने गाणं ऐकलं, पुन्हा ऐकलं, माइकसमोर उभी राहिली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं?" प्रेस्टनने विचारलं.

"मिस ओलेटाला आत पाठवता?" तिने विचारलं. वडीलधाऱ्या बाईला इथे लग्नानंतरही आदराने मिसच म्हणतात.

ओलेटा आत गेली. ब्रिन्लीने हेडफोन गळ्यात घेतला होता आणि त्याची वायर ती बोटांना गुंडाळत होती.

"मी तुम्हाला ओळखते," ती म्हणाली. "म्हणजे, बघितलेलं नाही कधी. पण माझी सगळी गाणी आधी तुम्ही गायलेली आहेत ना? महिनोन्‌महिने तुम्हीच असता माझ्या कानात. श्वास कुठे घ्यायचा हे मी तुमच्याकडूनच घेतलंय."

"माहितीय," ओलेटा म्हणाली. "दुकानात ऐकते मी."

ब्रिन्लीचा चेहरा लाल झाला. "पण मी गाते तेव्हा तुम्हाला काढून टाकलेलं असतं. तुम्ही तिथे असताना कसं गायचं, मला माहीतच नाही, मिस ओलेटा."

गाडीत घोकलेलं सगळं ओलेटाच्या जिभेवर आलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य या पोरीच्या तोंडावर फेकायला तिला जमेना. तिला राग आला तो याचाच. भांडायला धड समोर उभं राहील असं कुणीच सापडत नव्हतं, सगळे ओल्या डोळ्यांचे.

"हे बघ बाळा," ती म्हणाली, "मी मागे सरणार नाही. तू मला ढकलायचं नाहीस आणि माझी नक्कलही करायची नाहीस. वरचा सूर धर, आणि माझ्या मागून ये. तुझा स्वतःचा श्वास कुठे संपतो ते बघ, तिथे घे. माझ्या जागी घेऊ नकोस."

पोरीने श्वास आपल्या जागी घेतला. पहिल्यांदा चुकला, मग बसला. चांगली गायली, आणि ते ओलेटाने तिला तोंडावर सांगितलंही.

सिनेमा लागला. गाणं गावोगाव गेलं. गॅरेजात वाजलं, शाळांच्या बसमध्ये पोरांनी म्हटलं, रेडिओवर तर दर तासाला. "ऐका, ब्रिन्ली शेलचं नवं गाणं!" निवेदक सांगायचा. पोस्टरवर ब्रिन्ली शेल, जाहिरातीत ब्रिन्ली शेल. ब्रिन्ली स्वतः दोन मुलाखतींत म्हणाली की अहो, मुख्य आवाज माझा नाही. दोन्ही वेळा ते वाक्य कापलं गेलं. लोकांना तर वाटायचं, पोरीने म्हातारीचा आवाज काय हुबेहूब काढलाय! प्रेस्टनने ओलेटाला फोन करून सांगितलं की नाव आहे, करार पाळलाय, सिनेमाच्या शेवटी बघ.

म्हणून ओलेटा आणि हॉइट बेकर्स गॅपला गेले, तिच्या माहेरी, शनिवारी दुपारच्या खेळाला. थिएटर पोराबाळांनी गच्च भरलेलं. आजीने बस नदीत घातली तेव्हा अख्ख्या थिएटरने किंकाळी फोडली, अस्वल चढलं तेव्हा हॉइटने. पाठलागात ओलेटाचा आवाज पडद्याएवढा होऊन आला. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले होते. खेचर सापडलं, सिनेमा संपला, नावं सरकू लागली आणि गाणं पुन्हा सुरू झालं. लोक उठले, कोट चढवू लागले. पोरं मधल्या वाटेत नाचायला लागली.

ब्रिन्ली शेलचं नाव आलं, हे एवढं मोठं. मग नट, मग बस चालवणारे, मग अस्वल सांभाळणारे, मग जेवण पुरवणारे. हॉइट चष्मा शोधत होता. त्याने तो डोळ्यांवर चढवेपर्यंत मुंगीएवढ्या अक्षरांतलं ओलेटा क्रॅबट्री खालून वर जाऊन नाहीसं झालं होतं.

"आलं का गं?" हॉइटने विचारलं.

"गेलं," ओलेटा म्हणाली.

पुढच्या रांगेत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी खुर्चीवर उभी राहून उड्या मारत होती. तिची आई तिच्या बाहीत तिचा हात कोंबत होती. "आई, हे कोण गातंय?" मुलीने ओरडून विचारलं.

"ब्रिन्ली शेल. बाहेर पोस्टर बघितलंस ना? हात दे इकडे."

"नाही," ओलेटा मागून म्हणाली. "मी."

आईने मागे वळून बघितलं. परक्या म्हाताऱ्या बाईकडे बघून हसतात तेवढं हसली आणि पोरीचा दुसरा हात शोधू लागली.

ओलेटा उभी राहिली. पर्स हॉइटच्या मांडीवर ठेवली. गाणं शेवटच्या कडव्याला आलं होतं. तिने छाती भरून श्वास घेतला, पडद्यावरच्या आवाजाने घेतला त्याच जागी, आणि पूर्ण गळ्याने गायला लागली. आवाजावर आवाज बसला. कोट चढवणारे थांबले. नाचणारी पोरं वळून बघू लागली. जिथे आवाज मोडायचा तिथे दोन्ही आवाज एकदम मोडले. "थांबायचंय कुणाला!" ती पडद्यावरून म्हणाली आणि खुर्च्यांच्या रांगेतूनही म्हणाली. आईच्या हातातून मुलीची बाही सुटली.

गाणं संपलं, पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले. दाराशी झाडू घेऊन उभा असलेला माणूस आत यायचं विसरला होता. मुलगी खुर्चीच्या पाठीवरून वाकून ओलेटाच्या तोंडाकडे अगदी जवळून बघत होती.

"खरंच तूच आहेस," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग बाहेर पोस्टरवर का नाहीस?"

"ते जाताना थिएटरवाल्यांना विचार, राणी," ओलेटा म्हणाली. "मोठ्याने विचार. आणि आता बस खाली, पहिलं कडवं गायचं राहिलंय माझं."